चंदेरी बहिणी की पितळी पलटण

तर दिव्यांचा दांडा अडकला, तिथवर आपण काल आलो होतो. अडकला म्हणजे असा अडकला, की बल्ब्याने एका हाताने ओढला, दोन्ही हातांनी ओढला, शेवटी भिंतीला पाय लावून ओढला, तरी तो जागचा हलेना. खाली नाचघरात मिट्ट काळोख, वर माळ्यावर बल्ब्या घामाघूम, आणि गाणं आपलं कुणाची वाट न बघता पुढे चाललेलं. काळोख हवा होता पापणी मिटून उघडेपर्यंतचा; झाला अख्ख्या कडव्याचा. दांडा एकदाचा वर गेला आणि दिवे लागले, तेव्हा एक गृहस्थ खांबाला मिठी मारून नाचत होते, एका बाईचा हात भलत्याच माणसाच्या खांद्यावर होता, आणि ज्याच्या खांद्यावर तो असायला हवा तो कोपऱ्यात बसून खारे दाणे खात होता. सगळं नाचघर खो खो हसलं.

मालक जिना चढून वर आला. जाडजूड माणूस, त्यामुळे पायरीगणिक त्याचा रागही वाढत गेला असावा.

"पुढच्या शनिवारी असं झालं तर तू घरी," तो म्हणाला. "दिवे विझवायला माझी बायको आहे. मला लावणारा माणूस हवाय."

बल्ब्याला खरं नाव होतं, पण ते त्याच्या आईनंतर कुणी वापरलं नाही. ठेंगणा, डोक्यावर लवकर टक्कल पडलेला, आणि टक्कल असं गुळगुळीत की आरशांचा गोळा फिरायला लागला की त्याचे ठिपके आधी बल्ब्याच्या डोक्यावर आणि मग भिंतीवर. नाव आपोआप पडलं. त्याला त्याचं काही वाटत नसे. "नावाप्रमाणे उजेड तरी पाडतो," असं तो स्वतःच म्हणायचा.

जमाना डिस्कोचा. तबकड्या कुठून कुठून यायच्या, आणि त्यांच्या वेष्टनावर जे छापलेलं असे ते नाचघरात कुणालाच वाचता येत नसे. मग चित्र बघून नाव ठेवायचं. तिघीजणी चमचमत्या झग्यात उभ्या, म्हणून त्या चंदेरी बहिणी. खरोखर बहिणी होत्या की शेजारणी, देव जाणे. डझनभर माणसं कर्णे-तुताऱ्या उगारून उभी, ती पितळी पलटण. एकटाच गडी पांढरे बूट दाखवत टेबलावर बसलेला, तो पांढरेबूट.

आणि हे सगळे वाजायला लागले की वर माळ्यावर बल्ब्या. त्याच्यापुढे लाकडी फळी, फळीवर बटणांची रांग, तांबडं, निळं, पिवळं, हिरवं. पेटी वाजवावी तसा तो ती फळी वाजवायचा. गाण्याचा ठोका धप् धप् धप् धप् असा इंजिनासारखा चालू लागला की त्याची बोटं ठोक्यावर. फळीच्या बाजूला होता तो लोखंडी दांडा, एका बंद पडलेल्या कारखान्यातून आणलेला. तो खाली केला की सगळं नाचघर एका झटक्यात अंधारात, वर केला की एका झटक्यात उजेडात.

बल्ब्याचा जीव होता चंदेरी बहिणींच्या एका गाण्यावर. त्या गाण्याच्या मध्यावर सगळी वाद्यं एकदम थांबायची. ठोका बंद, व्हायोलिनं बंद. मग थोरली बहीण एकटीच, अगदी हलक्या आवाजात एक शब्द म्हणायची आणि त्या शब्दामागून सगळं पुन्हा धो धो कोसळायचं. त्या रिकाम्या जागेत काळोख करायचा आणि शब्दाबरोबर उजेड, हे बल्ब्याने योजलं होतं. त्यात पहिल्याच खेपेला दांड्याने घात केला.

आठवडाभर तो दांड्याला तेल पाजत राहिला. दांडा होता तेवढाच जड राहिला. शनिवारी गाणं लागलं तेव्हा बल्ब्याने जीव मुठीत धरला. वाद्यं थांबली. त्याने दांडा खाली केला. काळोख. त्या काळोखात, बरं का, त्याला खालच्या सगळ्या माणसांचा श्वास ऐकू आला. एवढ्या लोकांनी एकदम श्वास आत घेतला आणि धरून ठेवला. त्याने सावकाश बळ एकवटलं, दांडा वर ढकलला, आणि त्याच क्षणी थोरली बहीण बोलली. उजेड आणि शब्द बरोबर. आधी कुणी टाळीच वाजवली नाही. मग जे काही झालं त्याने छपराची धूळ खाली आली.

पुढे लोक त्या काळोखासाठी यायला लागले. लग्नं ठरली त्या काळोखात, दोन-चार मोडलीही असतील. आणि बल्ब्याने मनाशी एक गोष्ट कायमची ठरवून टाकली: हे गाणंच माणसाला वेळ देतं. बाकीचे सगळे नुसते हाकत नेतात, चंदेरी बहिणी थांबतात.

समोरच्या अंगाला काचेच्या खोपटात उभा असायचा तबकडीवाला. उंच, कानामागे पेन्सिल, चेहऱ्यावरची माशीही हलत नाही असा. त्याचं मत नेमकं उलटं. त्याचा सगळा जीव पितळी पलटणीपाशी.

"डिस्को म्हणजे काय रे?" तो बल्ब्याला नाचघर झाडताना विचारायचा. "खुर्चीतल्या माणसाला उठवतो तो डिस्को. पलटण लागली की वाढपीसुद्धा ट्रे खाली ठेवून नाचतो. जमाना त्यांनी घडवला."

"उठवायला काय, घराला आग लागली तरी माणसं उठतात," बल्ब्या म्हणायचा. "बहिणी माणसाला जागच्या जागी धरून ठेवतात. ते कुणाला जमलं?"

शब्दाने शब्द वाढायचा. एकदा तर नाचघर बंद झाल्यावर वाद संपेना म्हणून तबकडीवाला भांडत भांडत बल्ब्याच्या घरापर्यंत आला. दार बल्ब्याच्या ताईने उघडलं. ती पावाच्या भट्टीवर कामाला होती, नुकतीच आलेली, कोपरापर्यंत पीठ. तबकडीवाल्याचं वाक्य "आणि तुझ्या त्या बहिणी—" इथे जे तुटलं ते त्याने पुढे कधी पुरं केलं नाही. वर्ष फिरायच्या आत तो बल्ब्याचा दाजी झाला. भांडायला आला आणि जावई होऊन बसला, असं ताई सगळ्यांना सांगायची.

नाचघर पुढे बंद पडलं. डिस्को लोकांच्या मनातून इतक्या झटकन उतरला, की तो उतरतो आहे हे कळायलाही फारसा वेळ मिळाला नाही. तिथे कपाटं-पलंग विकणारं दुकान आलं. दाजींनी उरलेल्या तबकड्या एका पेटीत भरून घरी आणल्या आणि रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. बल्ब्याने आपली बटणांची फळी आणि तो दांडा आणला, आणि कापडाच्या गिरणीत वीजकामाला लागला. लग्न त्याचं झालं नाही. एक-दोनदा होता होता राहिलं. ताई म्हणायची, "काळोखात ठरलेली लग्नं बघत बसलास आणि स्वतःचं उजेडात राहिलं."

पण रविवार मात्र ठरलेला. सकाळी बल्ब्या ताईकडे जायचा. स्वयंपाकघरातलं छोटं टेबल, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी, तीन कप चहा, आणि वाद. डिस्कोचा जमाना कुणाचा? चंदेरी बहिणींचा की पितळी पलटणीचा? पहिले कोण आले, कुणाची नक्कल जास्त झाली, कुणाचं गाणं लोक अजून अंघोळ करताना गुणगुणतात, कुणाच्या गाण्यावर म्हातारी माणसंही पाय हलवायची. मुद्दे तेच असायचे, पण दर रविवारी त्यांना नवी धार लावून आणलेली असायची.

खालच्या मजल्यावरचा शिंपी अधूनमधून वर यायचा. तो पांढरेबूटच्या बाजूचा.

"तुम्ही दोघे उगाच घसा कोरडा करता," तो म्हणायचा. "जमाना गाण्याने नाही घडला, बेलबॉटमने घडला. पांढरेबूटची बेलबॉटम बघितलीत? तसल्या शेकड्याने शिवल्यात मी. नाचल्या त्या पँटी. आत माणसं होती एवढंच."

"बाहेर व्हा," दाजी म्हणायचे.

"चहा पिऊन होतो."

वादाचा एक नियम दाजींनी अगदी सुरुवातीलाच घालून दिला होता. पेटी उघडायची नाही. तबकडी लावायची नाही. "वाद आठवणीतून घालायचा. तबकडी लावली की तो वाद नव्हे, ती जाहिरात झाली." बल्ब्याला तो नियम पटला. त्यालाही ते गाणं आरशांच्या गोळ्याशिवाय, लहानशा खोलीत ऐकायचं नव्हतंच. ताटलीत समुद्र घेऊन बसल्यासारखं झालं असतं. आणि बाहेर कुठे ते कानावर पडण्याची भीती नव्हती. चंदेरी बहिणींना जग केव्हाच विसरलं होतं.

दुसरा नियम कुणी घातला नव्हता, पण होता. हार मानायची नाही. बल्ब्या निघताना जिन्यावरून ओरडायचा, "पुढच्या रविवारी बघतो तुम्हाला!" आणि वरून दाजी ओरडायचे, "डोळे तपासून ये!" अशी चाळीसेक वर्षं गेली. दाजींचे केस पिकले, बल्ब्याला पिकायला केस नव्हते. ताईची मुलगी लग्न होऊन दूर गेली. रेडिओ दुरुस्त करून घेणारं कुणी उरलं नाही, तेव्हा दाजींनी दुकान बंद केलं आणि घरीच बसून जुनी यंत्रं खोलून पुन्हा जोडायला लागले.

मग दाजींना खोकला लागला. आधी हवा बदलली म्हणून, मग धूळ फार म्हणून, मग काहीच न म्हणता. इस्पितळात तपासण्या झाल्या. दाजी आत कपडे बदलत होते तेव्हा डॉक्टरीणबाईंनी ताईला आणि बल्ब्याला बाहेरच्या बाकापाशी गाठलं. तरुण बाई होत्या, बोलताना हातातल्या टाचणीने स्वतःच्याच बोटाला टोचत होत्या. दोन्ही फुफ्फुसं गेली आहेत, म्हणाल्या. आता औषध त्रास कमी करण्यापुरतंच.

ताईने रडणं पदराआड करण्यात वेळ घालवला नाही. तिने बल्ब्याचं मनगट धरलं.

"ह्यांना कळता कामा नये. कळलं तर हे आजच जातील. ऐकतोयस ना? तू नेहमीसारखा ये. नेहमीसारखा भांड."

"भांडेन," बल्ब्या म्हणाला.

"कपाळाला आठ्या घालून ये. असा चेहरा घेऊन येऊ नकोस."

रविवारी तो आठ्या घालून गेला. दाजींचा पलंग खिडकीशी हलवला होता. पाठीशी उश्या, मांडीवर एक उघडा रेडिओ, त्यात काहीच बिघडलेलं नव्हतं. बल्ब्याला बघून त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

"ये. काय म्हणणं आहे आज तुझ्या त्या तीन पोरींचं?"

बल्ब्याने सुरुवात केली. चांगली केली. म्हणाला, पलटणीचं गाणं संपलं की दुसऱ्या दिवशी काय आठवतं? नुसतं पाय दुखणं. दाजींनी हात उचलला. "अरे, पाय दुखणं हीच तर—" आणि तिथे श्वास संपला. हात हवेत, तोंड उघडं, पुढचा शब्द शोधतायत, आणि शब्द नव्हे, हवाच सापडत नाही. ओठांवर निळसर छटा आली. चाळीस वर्षं बल्ब्याने ह्या माणसाला वाक्याच्या मध्ये कधी थांबलेलं पाहिलं नव्हतं. एकदाच पाहिलं होतं, ताईने दार उघडलं तेव्हा.

त्याला ते बघवेना.

"राहू द्या, दाजी," तो म्हणाला. "खरं सांगू? तुमचंच बरोबर. पलटणच. जमाना पलटणीचाच होता."

दाजींचा हात हवेतच राहिला. ते बल्ब्याकडे बघत राहिले. खाली शिंप्याचं मशीन चालू होतं, ते थांबलं, पुन्हा चालू झालं. दाजींनी श्वास जमवला आणि पावाचा भाव विचारावा इतक्या साध्या आवाजात विचारलं,

"डॉक्टरीण काय म्हणाली?"

"कुठे काय? बरे व्हाल म्हणाल्या."

"बल्ब्या, आजवर मी पाऊस पडतोय म्हटलं तरी तू खिडकीतून हात बाहेर काढून बघायचास."

बल्ब्याने मान वळवली. दारात ताई कप घेऊन उभी होती. तिने ट्रे तसाच मागे फिरवला आणि त्याला खूण केली.

स्वयंपाकघरात तिने दार लोटून घेतलं आणि आवाज खाली दाबून ती भावावर तुटून पडली. "जन्मभर एकदा हो म्हणाला नाहीस. मी हात जोडले, शिंप्याने हात जोडले. आजच बरी सुबुद्धी सुचली?"

"ताई, त्यांना धाप लागली होती गं."

"लागू दे की! धाप लागली तरी भांडत होते ना? भांडत होते तोवर नुसते आजारी होते. आता बघ."

आणि तसंच झालं. दाजी चिडले नाहीत, रडले नाहीत. ते शहाण्यासारखे वागायला लागले, आणि ताईला त्याचीच भीती वाटली. औषध दिलं की घ्यायचे. रेडिओ मांडीवरून गेला. पुढच्या रविवारी बल्ब्या आला तो जिन्यातूनच आवाज चढवत.

"मी गंमत केली होती मागच्या वेळी! तुमची पलटण म्हणजे भांडी घासताना होतो तो गोंगाट!"

"असेल," दाजी म्हणाले.

"पलटणीला सूर तरी माहीत होता का?"

"नसेल."

"दाजी, भांडा की हो."

"तू दयेने भांडतोयस, बल्ब्या," दाजी म्हणाले. आवाजात राग नव्हता. "आणि त्यात तुझी चूक नाही. पण एकदा कळलं की चव जाते."

बल्ब्या घरी आला आणि आपल्या एका खोलीत बराच वेळ टोपी न काढता बसून राहिला. खोटं भांडण दाजींना चालत नव्हतं. खऱ्या भांडणासाठी जे लागतं ते त्याने स्वतःच्या तोंडाने देऊन टाकलं होतं. माफी मागून ते परत येण्यासारखं नव्हतं. मग त्याची नजर कपाटावर गेली. वर गोणपाटात गुंडाळलेली फळी होती.

एका दुपारी शिंपी आणि तो मिळून ती फळी, दांडा आणि रंगीत दिव्यांची माळ दाजींच्या खोलीत घेऊन आले. शिंप्याने जाड कापड आणून खिडकीवर ठोकलं. बल्ब्याने गुडघ्यांवर बसून तारा जोडल्या. दाजी पडल्या पडल्या बघत होते.

"हे काय चाललंय?"

"पुरावा," बल्ब्या म्हणाला. "नियम मोडतोय. ताई, पेटी उघड. मी आज ह्यांना दाखवतो, पलटण म्हणजे काय आणि बहिणी म्हणजे काय. दया नाही आणि काही नाही."

दाजी कोपरावर उठले. आजारी पडल्यापासून इतक्या झटक्याने ते उठले नव्हते. "तबकडी नको लावू."

"का? हराल म्हणून?"

"बल्ब्या, नको म्हणतोय ना. नियम आहे."

बल्ब्याला मनातून आनंद झाला. घाबरले, म्हणजे आता खरं भांडण. त्याने दाजींच्या तबकडीच्या यंत्रावर आधी पलटण लावली. कर्णे वाजायला लागले, त्याची बोटं बटणांवर धावली, खोली तांबडी-निळी झाली. शिंपी दाराशी उभा होता, त्याचा पाय हलायला लागला. ताईचाही. बल्ब्याने ते पाहिलं, पण कबूल केलं नाही. मग त्याने पेटीतून तळाची तबकडी काढली. तिघींच्या झग्यांचा रंग उडाला होता.

गाणं सुरू झालं. धप् धप् धप् धप्. व्हायोलिनं चढत गेली. बल्ब्याने दांड्यावर हात ठेवला.  वाद्यं थांबली. त्याने दांडा खाली ओढला—

आणि थोरली बहीण बोलूनसुद्धा गेली. दांडा अजून खाली पुरता पोचला नव्हता. काळोख झाला तो शब्दानंतर, आणि त्या काळोखात गाणं धो धो पुढे चाललेलं.

"यंत्र वेगाने फिरतंय," बल्ब्या म्हणाला.

त्याने यंत्र तपासलं. ते दाजींनीच दुरुस्त केलेलं, त्यात चूक कुठली असायला? पुन्हा लावली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्याने दिव्यांचा नाद सोडला, नुसता कान लावून बसला. वाद्यं थांबली, आणि लगेच शब्द. मध्ये एक छोटासा खड्डा, बस. त्यात श्वास मावला नसता. एका माणसाचासुद्धा नाही, अख्ख्या नाचघराचा कुठला?

गाणं संपून सुई शेवटच्या चरीत खरखरत राहिली. ती कुणी उचलली नाही. दाजींनी तोंड भिंतीकडे केलं होतं.

"दाजी," बल्ब्या म्हणाला, "ती जागा कुठे गेली?"

 मग दाजींनी तोंड न वळवता उजवा हात पांघरुणाबाहेर काढला आणि पहिलं बोट वर केलं. नुसतं बोट. मग ते हळूच गादीच्या कडेवर टेकवलं आणि धरून ठेवलं.

"दांडा जड होता तुझा," ते म्हणाले. "मालक तुला काढणार होता. मी तबकडीखाली गुळगुळीत कापड घातलं. बोट टेकवलं की तबकडी थांबायची, खालची थाळी फिरत राहायची. तिथे आवाज नव्हताच, त्यामुळे कुणाला कळायचं कारण नव्हतं. माझ्या यंत्राच्या दिव्याची तार वेगळी होती; त्याच्या मिणमिण उजेडात तुझी माळ्यावरची सावली दांडा ढकलायला वाकलेली दिसली की मी बोट उचलायचो."

"दर शनिवारी?"

"दर शनिवारी."

शिंपी हळूच जिना उतरून गेला. बेलबॉटमविषयी एक शब्दही न बोलता गेला, असं त्याच्या आयुष्यात प्रथमच घडलं असेल.

"सांगितलं का नाहीत?" बल्ब्याचा आवाज चिरकला. "एका वाक्यात जिंकला असतात! पहिल्याच रविवारी!"

"जिंकून काय करणार होतो? तू दुसऱ्या रविवारी आला असतास का?"

बल्ब्या उठून उभा राहिला. त्याचे कान लाल झाले. हा राग त्याने आणलेला नव्हता, तो आपणहून आला होता. "म्हणजे चाळीस वर्षं मी तुमच्या बोटाची बाजू घेऊन तुमच्याशीच भांडतोय! गाढव केलंत माझं!"

"आणि मी माझ्याच बोटाच्या विरुद्ध," दाजी म्हणाले आणि त्यांनी तोंड इकडे वळवलं. डोळे लुकलुकत होते. "मला काय कमी त्रास झाला? ते काही नाही. आता मान्य कर. ह्या वेळी खरोखरचं."

"मुळीच नाही!"

"अरे, पुरावा तूच मांडलास!"

"बोट तुमचं, पण बोट टेकवायला जागा कुणी ठेवली? बहिणींनी! एवढीशी असेल, पण ठेवली ना? जा, तुमच्या पलटणीच्या गाण्यात टेकवून दाखवा बोट. कुठे टेकवाल? शोधा जागा! सगळीकडे कर्णे!"

उठून स्वयंपाकघरात गेलेल्या ताईने हातातलं फडकं तोंडावर दाबून धरलं होतं. ती हसत होती की रडत होती ते तिलाच सांगता आलं नसतं. आतून दोघांचा आवाज येत होता, एकावर एक चढलेला.

दाजी पूर्ण उठून बसले होते. गालांवर रंग आला होता. "थांब. ह्याला उत्तर आहे माझ्याकडे. चांगलं उत्तर आहे. थांब जरा—" आणि खोकला आला. तो थांबेना. ताई धावली, पाठ चोळली, पाणी दिलं. खोकला ओसरला तेव्हा दाजी उशीवर पडलेले होते, पण बोट वर होतं.

"रविवारी," ते म्हणाले. "रविवारी देतो उत्तर."

बल्ब्या जिन्यावरून ओरडला, "बघतो तुम्हाला!" वरून डोळे तपासण्याविषयी काही आलं नाही, तेवढा दम नव्हता. पण ताईने मागाहून सांगितलं, ओठ हलले होते.

दाजी त्या रविवारच्या आधीच, गुरुवारी पहाटे गेले. ताई उशाशी होती. शेवटचे दोन दिवस ते बोलले नाहीत, पण अधूनमधून मधेच हसायचे, काहीतरी जुळल्यासारखं.

माणसं आली, गेली. मुलगी येऊन राहून परत गेली. पहिल्या रविवारी बल्ब्या घराबाहेर पडला नाही. दुसऱ्या रविवारी पाय आपोआप वळले. ताईने चहा टाकला होता. तिसरा कप तिने काढला, हातात धरून उभी राहिली, परत ठेवला, आणि मग पुन्हा काढला, कारण शिंपी वर आला होता. तो कुणाच्या खुर्चीत बसावं ते न कळून भिंतीला टेकला. टेबलाच्या पायाखालची पुठ्ठ्याची घडी निसटली होती. बल्ब्याने वाकून ती नीट सारली.

चहा निवत चालला.  खिडकीवर ठोकलेल्या कापडाचे खिळे अजून तसेच होते, ते इथून दिसत होते.

शेवटी शिंप्याने घसा साफ केला. मनाने चांगला माणूस, त्याला सगळ्यांना बरं वाटेल असं काहीतरी बोलायचं होतं.

"मी काय म्हणतो," तो म्हणाला, "आता कशाला हट्ट? बोट त्यांचं होतं, मन त्यांचं मोठं होतं. पलटण तर पलटण. कबूल करून टाक. त्यांना जिथे असतील तिथे समाधान वाटेल. काय हो ताई?"

 ताई भावाकडे बघत राहिली, डोळे भरलेले, आणि मान नकळत किंचित हलली, नाही म्हणून.

बल्ब्याने कप खाली ठेवला.

"एकदा कबूल केलं होतं, त्याचं काय झालं ते ताईने पाहिलंय. आता नाही. उत्तर त्यांच्याकडे बाकी आहे, आणि ते येईपर्यंत चंदेरी बहिणीच."